वेदना आणि अवधान

भाजलेल्या रुग्णाची कसोटी अपघाताबरोबर संपत नाही. जखम धुताना, पट्टी बदलताना ती दररोज नव्याने सुरू होते. स्वस्थ पडून असताना अफूजन्य औषधे वेदना बरीच आवरतात; पट्टी उकलताना मात्र ती पुष्कळदा अपुरी पडतात.

अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये नेमक्या याच घटकेचा विचार आरंभिला. वेदना जाणवावयास अवधान लागते, आणि माणसाचे अवधान मर्यादित असते. तेच अन्यत्र गुंतविले तर? यातून पुढे ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग सिद्ध झाले. संगणकाला जोडलेले शिरस्त्राण चढविले की रुग्णाला जखम दिसेनाशी होते. दिसते ती बर्फाळ दरी, आणि हिममानवांवर गोळे फेकीत तो तीतून पुढे सरकतो. पोळलेल्या अंगाला हिमाचा देखावा, ही योजना मार्मिकच म्हटली पाहिजे.

रडणाऱ्या मुलापुढे खुळखुळा वाजविणाऱ्या आजीला हे ठाऊकच होते, असे कोणी म्हणेल. परंतु २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेचे चटके देऊन मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वेदनेशी निगडित भागांतील क्रियाच मंदावलेली आढळली.

औषध अर्थात चालूच ठेवतात. चेहराच भाजलेल्यांना मात्र शिरस्त्राण सोसवेना. त्यांच्यासाठी ती भिंगे यांत्रिक बाहूवर पेलून, कातडीला स्पर्श न होऊ देता, डोळ्यांसमोर धरण्याची सोय करण्यात आली.