कार्ड भेटीचं, पैसा घामाचा

फुजैराहून बोलतोय. आज माझीच एक चूक तुम्हाला सांगतो.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला. आपण पाच गडी राखून जिंकलो. आदल्या दिवशी मी सुपरमार्केटमधून पाचशे दिरहमची गिफ्ट कार्डं घेतली आणि त्यांचे कोड एका बेटिंग साइटवर भरले. बँकेचं कार्ड का नाही वापरलं? स्टेटमेंट बायको बघते म्हणून! आणि मी म्हणे एमबीए.

पैज जिंकलो. पैसे काढायला गेलो, तर उत्तर आलं: आधी आणखी एक कार्ड भरा. तिथे डोळे उघडले.

यातली मेख लक्षात घ्या. बँकेच्या कार्डाने पैसे दिले, तर निदान बँकेकडे तक्रार करता येते. गिफ्ट कार्डाचा कोड देणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात रोकड ठेवणं. म्हणूनच ठकांना ही कार्डं आवडतात. बरं, दाद मागायची कुठे? अमिरातीत अशा खेळांना परवाने देणारी सरकारी संस्था २०२३पासून आहे. विनापरवाना साइटवर खेळणं हाच मुळात गुन्हा. भारतानेही २०२५मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पैशांचं राहू दे रे, लपवलंस का?"

तुमच्या घरात कुणी गुपचूप अशी कार्डं घेत असेल, तर ओरडू नका. चहा ठेवा, शेजारी बसा आणि विचारा.