एस्तांगे आणि मार्तिकान

आज ज्याच्याविषयी बोलायचंय, त्या फ्रान्सच्या टोनी एस्तांगेनं ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं गुडघे टेकून मिळवली. स्लॅलम कॅनू हा त्याचा खेळ. साडेतीन मीटरची हलकी होडी, एकाच पात्याचं वल्हं आणि फेसाळत उतरणारं पाणी. वर तारांना टांगलेल्या दांड्यांच्या जोड्या असतात, त्यांना गेट म्हणतात. हिरव्या-पांढऱ्या गेटमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढऱ्यातून प्रवाहाविरुद्ध.

खरी गंमत त्या लाल गेटची. प्रवाह खाली खेचत असतो. पण अडथळ्याच्या आडोशाला थोडं पाणी उलटं फिरतं. होडीचं टोक नेमकं तिथं घुसवायचं, वल्हं रोवायचं, कमरेच्या हिसक्यानं होडी वळवायची आणि खांदा चोरून दांडी टाळायची. दांडीला नुसतं बोट लागलं तरी दोन सेकंदांचा दंड. गेट चुकलं तर पन्नास सेकंद. मग पदकाचं नाव काढायला नको.

टोनीचा जन्म 1978 सालचा, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो गावचा. घरात होड्याच होड्या. थोरला भाऊ पात्रिस यानं 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. पुढं सिडनी ऑलिंपिकला जाण्याच्या चुरशीत धाकट्यानं थोरल्याला हरवलं. त्या जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल, तुम्हीच ठरवा! सिडनीत टोनीनं सुवर्ण जिंकलं.

त्यानं तिथं मागे टाकला तो स्लोव्हाकियाचा मिखाल मार्तिकान. अटलांटात सतराव्या वर्षी सुवर्ण जिंकलेला, स्वतंत्र स्लोव्हाकियाचा पहिला ऑलिंपिक विजेता. 2004 साली अथेन्सला दोघं पुन्हा समोरासमोर आले. जिंकलो, असंच मार्तिकानला वाटलं होतं. पण पंचांनी गेटला स्पर्श झाल्याचे दोन सेकंद त्याच्या वेळेत मिळवले. दोन फेऱ्यांची बेरीज झाली एस्तांगे 189.16, मार्तिकान 189.28. बारा शतांश सेकंद! पंचांचा निकाल मुकाट्यानं मानावा लागतो, म्हणून हा खेळ मला क्रूर वाटतो.

बीजिंगला 2008 साली फ्रान्सचा ध्वज एस्तांगेच्या हाती होता, पण गडी उपांत्य फेरीतच गारद झाला. सुवर्ण मार्तिकाननं नेलं. तिशीतल्या माणसानं इथं वल्हं खाली ठेवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. यानं मात्र 2009 आणि 2010 ची जगज्जेतेपदं घेतली आणि 2012 साली लंडनला 97.06 सेकंदांत तिसरं सुवर्ण. मार्तिकान त्या दिवशी तिसरा.

पुढं पॅरिस 2024 च्या संयोजन समितीचा अध्यक्ष म्हणून जग एस्तांगेला ओळखू लागलं, ते आपण दूरदर्शनवर पाहिलंच.

तर 1996 ते 2012 या पाच ऑलिंपिकमधली पाचही सुवर्णं या दोघांनी वाटून घेतली. मोठा कोण? एस्तांगेची पदकं तीन, तिन्ही सोन्याची. मार्तिकानची पाच : दोन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य. व्याख्यान एस्तांगेवरचं असलं, तरी सलग पाच ऑलिंपिकमध्ये, दर वेळी नव्या पाण्यात, पदकाविना परत न आलेला मार्तिकान मला कांकणभर सरस वाटतो.