अनेकार्थतेचा अभ्यासक: विल्यम एम्प्सन

यॉर्कशरमध्ये १९०६ साली जन्मलेले कवी-समीक्षक विल्यम एम्प्सन केंब्रिजमध्ये आधी गणित शिकले आणि नंतर आय. ए. रिचर्ड्स यांच्या हाताखाली इंग्रजी साहित्याकडे वळले. त्यांच्या आटीव, बुद्धिगम्य कवितेवर विज्ञानाची छाया दिसते, ती बहुधा गणिताच्या या अभ्यासामुळेच. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी’ या ग्रंथात त्यांनी अनेकार्थता, म्हणजे एकाच शब्दरचनेतून एकाहून अधिक अर्थ निघण्याची शक्यता (श्लेष हा तिचा केवळ एक भाग), हीच काव्याची श्रीमंती मानली. जपानमध्ये शिकवल्यानंतर १९३७ मध्ये चीनमध्ये अध्यापन करताना, युद्धामुळे स्थलांतरित झालेल्या विद्यापीठात पुस्तकांचा तुटवडा असल्याने, त्यांनी कविता स्मरणातून शिकवल्या. १९५३ ते १९७१ ते शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक होते.