नाव, तारीख आणि मोबाइल नंबर
(रेडिओवरील भाषण)

भरतीची जाहिरात निघाली की सेतू केंद्रासमोर रांग लागते. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की तीच माणसं रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभी राहतात. कामं दोन वेगळी, पण माणसं अडतात ती बहुधा त्याच तीन ठिकाणी: नाव, तारीख आणि मोबाइल नंबर.

आधी नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी. वडील शाळेच्या दाखल्यात बाळू, आधारवर बाळासाहेब. हा एकच माणूस आहे हे गावाला ठाऊक असतं. कागदपत्र तपासणीला बसलेल्या कारकुनाला ते कसं ठाऊक असणार? सगळ्यात जास्त हाल होतात ते सुनांचे. लग्नानंतर माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डात चढवायचं राहून जातं. एरवी काही अडत नाही. मग तिलाच ऑपरेशन सांगितलं जातं आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी कागद काढावेत, तर ती कुठल्याच कार्डात नाही. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मिळवायला आधी कुटुंबात नाव हवं. नोकरीच्या अर्जातही तिचीच ओढाताण होते, कारण शिक्षणाचे आणि जातीचे दाखले माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र यांपैकी जाहिरातीत जे मागितलं असेल, ते आधीच काढून ठेवावं.

दुसरी तारीख. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. हा दाखला मिळवायला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणजे एका दाखल्यापाठी दुसरा दाखला. कोणत्या दिवशी तो वैध असायला हवा, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण आपण वाचतो जागा किती आणि पगार किती. दाखल्याला उशीर होत असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं आहे, आणि मुदत टळली तर अपील करता येतं. त्यासाठी अर्जाची पोचपावती जपून ठेवा.

कागदपत्र तपासणीची तारीख आणि ऑपरेशनची तारीख एकाच आठवड्यात आली तर? ऑपरेशन तातडीचं नसेल तर सर्जनना मोकळेपणानं विचारा, कधी कधी ते पुढे नेता येतं. स्वतःच्या मनानं मात्र टाळू नका. आणि जिवावरचं दुखणं असेल तर कागद शोधत घरी थांबू नका. आधी दवाखाना गाठा, आरोग्यमित्राशी नंतर बोला.

तिसरा मोबाइल नंबर. पुष्कळांच्या अर्जात केंद्रचालकाचा नंबर आणि त्याचाच ईमेल असतो. मग हॉल तिकिटाचा मेसेज जातो त्याच्याकडे. मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान कार्ड काढताना ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. नंबर घरातल्याच माणसाचा द्या आणि तो चालू ठेवा.

आता ऑपरेशनसाठीचा एक कागद असा, जो कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो आपणच लिहायचा. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे. काढा किंवा जडीबुटी घेतो का. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे. आधी कोणतं ऑपरेशन झालं. तंबाखू, मिश्री आहे का. हा कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या. मिश्रीचं सांगायला बायका लाजतात, पण भूल देणाऱ्याला ते कळायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका आणि विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका.

ऑपरेशनआधी उपाशी राहण्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. साधारण नियम असा की हलकं जेवण किमान ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत; पण आपल्या डॉक्टरांनी वेळ सांगितली असेल तर तीच पाळायची. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजत नाहीत. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून "घोटभर चहा तर घे" असा आग्रह करणाऱ्या मावशींना त्या दिवशी हात जोडा.

आणि सही. भरतीचं हमीपत्र असो की ऑपरेशनचं संमतीपत्र, कुणी खाली बोट दाखवलं की आपण सही करतो. संमतीपत्र मराठीत समजावून मागणं हा उद्धटपणा नाही. काय करणार, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे विचारून मगच सही करा.

जनआरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर फोन करून करता येते. त्याआधी आज घरातली रेशनकार्डं, आधार आणि दहावीची प्रमाणपत्रं एकत्र मांडून प्रत्येकाचं नाव ताडून पाहा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज या महिन्यातच टाका. जाहिरात निघालेली नाही आणि कुणी आजारी नाही, अशा वेळी कचेरीतली रांगही छोटी असते.