नकाशा घरच्या बाईनेही पाहावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे संस्कार, आहार, आरोग्य यांपैकी एखादा विषय वाट्याला येईल, असे मला वाटले होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या नोकरीवर बोला." माझी नोकरी आपल्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात झाली. १९८६ साली पदविका घेऊन रुजू झाले, २०२२ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षे लोकांची घरे टेप लावून मोजली. गावातल्या निम्म्या लोकांशी त्यापायी भांडण झाले, हे इथे बसलेल्या काही जणींना ठाऊकच आहे!

बांधकाम परवानगी म्हटली की आपल्याला हेलपाटे आणि शिक्के आठवतात. मोकळी सोडायची जागा तर कुणालाच सोडवत नाही. पण हे नियम कुणी रिकामपणी बसून लिहिलेले नाहीत. बीड शहरात १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला आणि काठावरची घरे माणसांसकट गेली. नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येईल अशाची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधू देत नाहीत. उन्हाळ्यात कोरडे पात्र दाखवून माणसे मला म्हणत, "बाई, इथं कुठं आहे पाणी?" त्यांना काय उत्तर द्यावे?

किल्लारीचे तर आपल्यातल्या पुष्कळ जणींनी अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आपल्याकडेही भांडी फडताळातून खाली आली. पुढे काही दिवसांनी मी त्या भागात गेले. तिथली घरे आपल्या जुन्या घरांसारखीच : दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आणि वर मातीचे माळवद. अशा घरात उन्हाळा सुखाचा जातो, हे मी नाकारत नाही. पण दगड मातीत बसवलेले, आणि भिंतीच्या आतल्या नि बाहेरच्या थराला धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडे, आणि वर्षानुवर्षे डोक्यावरचे ओझे वाढत जाई. भिंती फाकल्या आणि ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो नकाशा बदलला.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. बावन्न गावे नव्या जागी उभी राहिली. बाकीच्या शेकडो गावांतली घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. एवढ्या गावांना इंजिनिअर कुठून पुरणार? लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. या बायकांना 'संवाद सहायक' म्हणत. कोपरा कसा बांधायचा, दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारी सलग पट्टी कशासाठी, हे त्या शिकल्या, घरोघर जाऊन सांगू लागल्या. ज्यांना चार पुरुषांत बोलायची सवय नव्हती, त्या गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि भिशी, असे कुणी हिणवले तर त्याला हे जरूर सांगा.

आता आपल्या घराकडे येते. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. त्यामुळे हल्ली घरे आपल्या नावावर होतात. आनंदच आहे. पण नकाशाबाहेर मजला चढला तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीसही आपल्याच नावाने येते. मी स्वतः अशा नोटिसा घेऊन गेले आहे. दार उघडणाऱ्या बाईने मंजूर नकाशा कधी डोळ्यांनी पाहिलेला नसे. "सही केली होती, ह्यांनी सांगितलं तिथं," एवढेच ती सांगे. नोटिशीत मुदत असते आणि त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. नोटीस देवघरातल्या फळीवर ठेवून दिली तर ती संधी जाते. आणि घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. हे किती जणींना सांगितले असेल, त्याची गणती नाही.

एक काम मात्र आपल्याच हातात असते, ते म्हणजे पाणी मारणे. आपल्याकडे घरे उन्हाळ्यात बांधतात, तेव्हाच टँकर सुरू असतात, आणि प्यायला नाही तर भिंतीला कुठून, म्हणून तीन दिवसांत पाणी बंद होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याने पक्के होते. हल्ली पोत्यावर पीपीसी लिहिलेले सिमेंट बहुधा मिळते. त्याला निदान दहा दिवस ओल हवी. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओले ठेवा, म्हणजे थोड्या पाण्यात भागते. तेवढेही पाणी नसेल तर घर पावसाळ्यानंतर काढा. मुहूर्त पुन्हा मिळतो.

बोलण्याची वेळ संपली, चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. खरेदीखत, मालमत्तापत्रक, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, यांतले जे घरात सापडेल ते घेऊन या. नकाशा सापडला नाही तरी या. त्याची नक्कल मागण्याचा अर्ज तिथेच बसून लिहू.