टेकड्यांचे आरक्षण आणि पुण्याचे नागरिक

१९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी २३ गावांचा विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरावयाची हे ठरविणारा कायदेशीर नकाशा, तयार होत असताना सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर 'जैवविविधता उद्यान' असे आरक्षण सुचविण्यात आले, आणि ते टिकावे यासाठी नागरी संघटनांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. वादाचे मूळ मात्र मोबदल्यात होते, कारण यातील बरीच जमीन खासगी मालकीची असून राज्य शासनाने मालकांना देऊ केलेला ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे अन्यत्र वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क, त्यांना अपुरा वाटला. ही तक्रार सर्वस्वी गैरवाजवी म्हणता येत नाही.

वेताळ टेकडीवरील प्रश्न निराळा आहे. बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता या टेकडीच्या उतारावरून जातो, आणि त्यासह बोगद्यांच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोठी पदयात्रा काढली. त्यांचा मुख्य आक्षेप केवळ वृक्षतोडीपुरता नव्हता. येथील कातळ बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला असून पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून झिरपत भूजलास मिळते, आणि खोदकामाने या वाटा तुटल्यास पायथ्याच्या विहिरी व कूपनलिकांवर परिणाम संभवतो. वाहतूक कोंडीचे कारण पुढे करणाऱ्या प्रशासनाला या मुद्द्याचे उत्तर रस्त्याच्या रुंदीत सापडणारे नाही.