किनाऱ्याची कीर्द

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही एका वहीविषयी बोलणार आहोत. आम्ही पडलो बँकेतले कारकून. रोजच्या जमाखर्चाच्या वहीला, म्हणजे कीर्दीला, आमच्याकडे फार मान. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी जाता येत नाही. हीच सवय घेऊन आमच्या वस्तीतील काही मंडळी महिन्यातून एका रविवारी दादर चौपाटीवर जातो.

याची सुरुवात एका दुखऱ्या गोष्टीतून झाली. ६ डिसेंबर उलटला की दरवर्षी कोणीतरी ऐकवते, "तुमच्या लोकांनी किनारा घाण केला." ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, तिच्याविषयी हे ऐकताना मन विषण्ण होते. पूर्वी आम्ही भांडत असू. पण भांडणाला पुरावा लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. म्हणून ठरवले, वर्षभर मोजायचे.

पद्धत साधी आहे. वाळूचा शंभर मीटरचा एकच पट्टा निवडायचा आणि दर वेळी तोच पाहायचा. ओहोटीच्या वेळी जायचे. पिशव्या, बाटल्या, बुचे, गुटख्याच्या पुड्या, चपला, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, असे वेगवेगळे मोजून लिहायचे आणि मगच पोत्यात भरायचे. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी असेच केले होते. कचरा उचलताना प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली. त्यातूनच पुढे जगभर दरवर्षी होणारी किनारा स्वच्छतेची मोहीम उभी राहिली.

आमच्या वहीत पावसाळ्याची पाने सर्वांत जास्त भरली. त्या दिवसांत तिथे कोणाचाच मेळा नसतो. मिठी नदी जवळच माहीमला समुद्राला मिळते. नदीनाल्यांतून वाहून गेलेले प्लास्टिक मोठी भरती किनाऱ्यावर परत आणून टाकते. तो कचरा साऱ्या शहराचा असतो.

डिसेंबरचे पान आले तेव्हा मात्र आमची परीक्षा झाली. त्यात पाण्याच्या बाटल्या, पेले आणि खाण्याच्या डिशा होत्या. एक तरुण म्हणाला, "हा रविवार लिहू नका, लोकांच्या हाती कोलीत मिळेल." तेव्हा आमच्यातल्या एक वयस्क ताई म्हणाल्या, "खोटंच लिहायचं, तर मोजलंत कशाला?" आम्ही ते पान लिहिले. पुढच्या वर्षी अन्नदान करणाऱ्या मंडळांना तेच पान दाखवले. काहींनी बाटल्यांऐवजी पाण्याची पिंपे आणि स्टीलचे पेले ठेवले. खरी नोंद अशी उपयोगी पडते.

वहीची उजवी बाजू जिवांसाठी आहे. वाळूच्या बारीक गोळ्या करणारे इवलेसे खेकडे, हिवाळ्यात येणारे कुरव पक्षी, शिंपले, जाळ्यात अडकलेला एखादा जीव, सारे त्यात लिहितो. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी वाटते आणि ते ती गिळते. किनाऱ्यावर जखमी कासव दिसले तर त्याला पाण्यात ढकलू नये. ते आजारी असू शकते, म्हणून वनखात्याला कळवावे. याच मुंबईत वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई सुरू केली. मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा कागदावर आहे. तो वाळूपर्यंत पोहोचला की नाही, ते वही सांगते.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी मोठी पदवी लागत नाही. एक वही, पेन्सिल, हातमोजे आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक एवढे पुरे. समुद्र जवळ नसेल तर आपल्या वस्तीतला नाला मोजा, कारण किनाऱ्यावरच्या कचऱ्याचा उगम तिथेच आहे. आपल्यावर कोणी आरोप केला तर आवाज चढवू नका, वही उघडा. आणि वहीत आपली चूक निघाली तर ती आधी आपणच सुधारा.